कोडे कथेचे की कुलपाचे?

आमच्याकडे वेताळ हा पोथीतला नव्हे, गावातला. डिचोली तालुक्यातील आमोणे येथे त्याचे देऊळ आहे, आणि तेथे नमस्कार करून परतणाऱ्या प्रत्येकाला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आठवतोच असे नाही. मला मात्र तो हटकून आठवतो. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात गोवलेल्या त्या पंचवीस कथांची योजना एखाद्या निष्णात वकिलाने आखल्यासारखी आहे. कथा एका तंट्यावर येऊन थांबते आणि न्याय सांगण्याचे काम ऐकणाऱ्या राजावर पडते. उत्तर ठाऊक असून तो मौन पाळील तर मस्तकाची शकले व्हायची. बोलेल तर प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकायचे. कोडे सुटले तरी श्रम वाया, न सोडवावे तर प्राणाशी गाठ. श्रोत्याला कथेत ओढून त्याच्या माथी जबाबदारी मारणारी याहून कठोर रचना निदान मला तरी माहीत नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र देवळातले नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने त्याचे संगणकयंत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "मामा, ही एक फायल वाचून पळय." फाइल म्हणजे एक खेळ होता. व्हिडिओ गेम म्हटले की बंदुका, मोटारी आणि मुलांचे बिघडणारे डोळे एवढेच माझ्या पिढीतील माणसाच्या मनात येते, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. परंतु या खेळांची एक निराळी शाखा आहे. तीत धावाधाव थोडी किंवा मुळीच नसते. खेळणाराने एका कथेत शिरायचे, गाव हिंडायचे, माणसांना प्रश्न विचारायचे, पडलेली वस्तू उचलून तिचा अर्थ लावायचा आणि वाटेत आलेली कोडी सोडवीत कथेचे पुढचे पान उघडायचे. त्या पावसाळ्यात असे चार-पाच खेळ मी नेटाने खेळलो. एखाद्या कादंबरीला जो न्याय आपण लावतो तोच यांना लावून पाहावा, असे वाटल्यामुळे हा लेख.

न्याय लावायचा तर कसोटी हवी, आणि ती मी वेताळाकडून व महाभारतातल्या यक्षाकडून उसनी घेतो. सरोवराच्या काठी यक्षाने घातलेले प्रश्न नुसते बुद्धीची परीक्षा असते, तर ते प्रकरण पाठांतराच्या चोपडीत जमा झाले असते. चार भाऊ मरून पडले आहेत, तहान लागलेली आहे, आणि शेवटी एकच भाऊ जिवंत होणार म्हटल्यावर धर्मराज भीमार्जुनांना सोडून नकुलाला मागतो. तेथे कोडे आणि माणूस एकरूप होतात. याउलट, दारावर कुलूप आहे, किल्ली तीन खोल्या पलीकडच्या मडक्यात आहे, मडके उंचावर आहे, अशी कोडी नुसती वेळ खातात. पहिले कोडे कथेचे, दुसरे कुलपाचे. या जातीच्या बहुसंख्य खेळांत दुसऱ्याच प्रकारची गर्दी आहे, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे.

या शाखेला जगभर लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मिलर बंधूंचा 'मिस्ट' हा १९९३ सालचा खेळ. ओसाड बेट, चमत्कारिक यंत्रे आणि दोन ग्रंथांत कोंडलेले दोन भाऊ. प्रत्येक भाऊ आपली हरवलेली पाने आणून देण्याची विनवणी करतो आणि दुसऱ्यावर ठपका ठेवतो. यंत्रांची कोडी बरीचशी कुलपाचीच. परंतु मधला पेच अस्सल आहे, कारण येथे दोन्ही साक्षीदार खोटे असतात. दोघांपैकी एक तरी खरे बोलत असलाच पाहिजे, असे गृहीत धरून चालणारा नवशिका वकील कोर्टात जसा फसतो, तसाच खेळणारा येथे फसतो. मीही फसलो. वीस वर्षे काळा कोट अंगावर घातल्यानंतर फसलो, हे भाच्याला सांगितले नाही.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा ल्यूकस पोप यांचा २०१८ सालचा खेळ मात्र मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटला. १८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघालेले एक व्यापारी जहाज ठरल्या वेळी केप ऑफ गुड होपला पोचत नाही. ते बुडाले असे धरले जाते. आणि १८०७ च्या ऑक्टोबरात ते फाटक्या शिडांनिशी, माणसावाचून, फाल्मथ बंदरात तरंगत येते. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे तपासनीस. जहाजावर साठ माणसे होती. प्रत्येकाचे नाव, तो कसा गेला, आणि कोणाच्या हातून गेला, एवढे नोंदवहीत लिहायचे. साधन एकच : एक घड्याळ. प्रेताजवळ ते उघडले की मरणापूर्वीचे काही शब्द ऐकू येतात आणि मग त्या क्षणाचे गोठलेले दृश्य पाहावयास मिळते. चित्रे सगळी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, जुन्या पुस्तकांतल्या खोदचित्रांसारखी.

यातली गंमत अशी की नाव कोणी सांगत नाही. कोण कोणत्या झोळीत झोपत होता, कोणाच्या पायात कसले जोडे होते, कोण कोणत्या भाषेत ओरडला, कोण कोणाशेजारी उभा राहत होता, यावरून ते ठरवावे लागते. परिस्थितिजन्य पुराव्याचा इतका शुद्ध धडा मला विधि महाविद्यालयात मिळाला नव्हता. तीन जणांची नोंद बरोबर जमली की खेळ ती कायम करतो. एकेकट्या उत्तराला होकार देत नाही, म्हणून नुसत्या अंदाजाने वाट कापता येत नाही. (दोन पक्की उत्तरे आणि एक अंदाज, ही पळवाट राहतेच. ती मी वापरली. पळवाटा शोधणे हा आमच्या धंद्याचा दोष आहे.)

त्या साठांत हिंदुस्थानातले खलाशीही आहेत, आणि सफरीच्या आरंभीच त्यांतले दोघे थंडीच्या दिवसांत आजाराने दगावतात. ना तलवार, ना समुद्रराक्षस. पुढच्या सगळ्या भयानक मृत्यूंपुढे हे दोन मृत्यू किरकोळ वाटावेत अशी मांडणी आहे, आणि त्यामुळेच ते माझ्या मनात अधिक राहिले. कंपनीच्या नोंदवहीत त्यांचे नाव लिहिताना हात क्षणभर थांबला. खेळाने मला दुःख करायला सांगितले नव्हते. त्याने फक्त नाव शोधायला लावले होते. नाव शोधण्यासाठी माणसाकडे पाहावे लागते, आणि हेच या खेळाचे बलस्थान. येथे कोडे सोडवणे आणि मृताची आठवण ठेवणे या दोन क्रिया वेगळ्या उरत नाहीत.

आता आपल्या घराजवळ येऊ. 'फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह' या नावाने अरमान संधू यांनी गोव्यात राहून दोन कथाप्रधान खेळ रचले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन पानांवर आजवर फारशी नोंदली गेलेली नाही. पहिला २०१९ चा 'रेनस्वेप्ट'. भाच्याने पुढे ठेवलेली फाइल ती हीच. पाइनव्ह्यू नावाच्या एका काल्पनिक पावसाळी गावात ख्रिस आणि डायन हे जोडपे मृतावस्थेत सापडते. गावाचा निकाल तयारच असतो : त्याने तिला मारले आणि मग स्वतःला संपविले, त्यांचे धड चाललेच नव्हते. बाहेरून आलेला मायकेल स्टोन हा गुप्त पोलीस तपासाला लागतो, आणि त्याच्या स्वतःच्या मागे त्याचा भूतकाळ लागलेला असतो.

गावाने आधीच दिलेला निकाल, हा या खेळाचा खरा विषय. खेडेगावात वाढलेल्या कोणाही वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्यात एका विवाहितेच्या मृत्यूवरून उद्भवलेल्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे घालून दिली, ती आजही प्रत्येक फौजदारी वकिलाच्या जिभेवर असतात. तेथेही प्रश्न हाच होता की मृत्यू स्वतःच्या हातून की दुसऱ्याच्या. 'असे असू शकेल' आणि 'असेच असले पाहिजे' यांतील अंतर हे भावनेने भरून काढता येत नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, तरी ते अंतर तेवढेच राहिले आहे.

'रेनस्वेप्ट'ला हे अंतर कळते. ख्रिस आणि डायन यांचा पूर्वीचा सहवास मधून मधून उलगडत जातो, आणि ज्यांना आपण प्रेत म्हणून भेटलो त्यांना हसताना, भांडताना, संकोचताना पाहून गावाच्या निकालावरचा विश्वास ढळू लागतो. हे काम कादंबरीचे आहे आणि ते हळुवारपणे साधले आहे. परंतु समीक्षकाने येथे थांबू नये. तपासाचा भार खेळणारावर पडायला हवा, तो पुष्कळदा लेखकच उचलतो. मी विचारतो, हिंडतो, ऐकतो. निष्कर्ष मात्र बहुधा स्टोनच्याच मुखातून येतो आणि मी मान डोलावतो. साक्ष उलटतपासाशिवाय नोंदवून घ्यावी तसे हे वाटते. कोडी मोजकी आहेत, आणि त्यांतली काही नुसती कुलपे. 'ओब्रा डिन'मध्ये कथा माझ्या हातून सिद्ध झाली. येथे ती मला सांगितली गेली. चांगली सांगितली गेली, एवढेच.

दुसरा आक्षेप स्थळाचा. गोव्यात बसून लिहिणाऱ्याला पाऊस उसना आणण्याचे कारण काय? पेडणे महालात आषाढात चार दिवस राहिलेल्या माणसाला पाइनव्ह्यूचा पाऊस जरा कोरडाच वाटेल. अर्थात हा आक्षेप मी जपूनच घेतो. परदेशी गिऱ्हाईक, परदेशी साचा, पहिलेच पाऊल. शिवाय लेखकाने आपल्याच गावचे लिहावे असा कायदा नाही. आमच्या मराठी कादंबरीनेही आरंभी उसन्या वाड्यांत आणि उसन्या कारस्थानांत बरेच दिवस काढले होते.

मंदिरपरिवारातील वाचकांना याहून जवळचा वाटेल असा खेळ पुण्यात झाला. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींचा 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक'. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी तो नेटाने पुरा केला आणि २०२० साली तो बाहेर पडला. त्याच वर्षी पाश्चात्त्यांच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याचे नाव लागले. राखीपौर्णिमेला असुर हल्ला करतात, राजी या डोंबाऱ्याच्या खेळातल्या मुलीचा भाऊ गोलू पळविला जातो, आणि दुर्गेच्या त्रिशूळानिशी ती त्याला शोधायला निघते. पहाडी चित्रशैली, राजस्थानी गड, छायाबाहुल्यांची कथाचित्रे. डोळ्यांचे पारणे फिटावे असे काम.

देवदेवतांना खेळात आणावे काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेक जण विचारतील. २०१२ साली 'स्माइट' या अमेरिकन खेळातील कालीमातेच्या चित्रणावर तेथील हिंदूंच्या एका संस्थेने आक्षेप घेतला होता; तेथे खेळणाराच देवतेला बोटांनी नाचवितो ही मुख्य तक्रार होती. 'राजी'ने हा पेच शहाणपणाने टाळला आहे. दुर्गा आणि विष्णू येथे सूत्रधार आहेत, ते त्या मुलीकडे पाहतात, तिच्याविषयी आपापसांत बोलतात, शस्त्र देतात, चालायचे तिनेच. मला दशावतार आठवला. पेडण्याच्या देवळापुढे रात्री गणपतीचे सोंग आले की बायाबापड्या हात जोडतात, आणि नट कोण हे ठाऊक असूनही जोडतात. तेथे सोंग आणि देव यांमध्ये जे आदराचे अंतर राखले जाते, तसलेच काहीसे अंतर या खेळाने राखले आहे.

परंतु दशावताराची तुलना काढली की 'राजी'चे उणेही दिसू लागते. आमच्या नटाजवळ लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र तो तिथल्या तिथे रचतो. एक लाकडी बाकडे सिंहासन होते, तेच रथ होते, तेच पर्वत होते. शेवट सर्वांना ठाऊक असतो, आणि तरीही वाट दर रात्री नवी असते. कथा हाताळू देणाऱ्या खेळाचे हेच मर्म नव्हे काय? 'राजी'त सजावट अमाप आहे. वाट मात्र एकच. फिरत्या चकत्या जुळवून तिच्या नि गोलूच्या आठवणींचे चित्र पुरे करायची कोडी येतात. कल्पना गोड आहे, कारण चित्र जुळले की बहिणीची आठवण जुळते. पण चकती फिरवायला लागणारी बुद्धी सहा वर्षांच्या मुलाजवळही असते. आणि शेवट! आख्यान रंगात आले असताना पेटारा बंद करून मंडळी पुढच्या गावाला निघून गेल्यासारखे होते. दशावतारी कंपनीने असे केले असते, तर पेडणेकरांनी त्यांना दहीकाल्यावाचून जाऊ दिले नसते. आणखी एक. पहिल्या आवृत्तीत या देवता इंग्रजी बोलत. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी बोलू लागल्या. पुण्यात घडलेल्या खेळातील दुर्गा मराठीत केव्हा बोलेल, ते तिलाच ठाऊक.

संधू यांच्या दुसऱ्या खेळाचे नाव 'फरगॉटन फील्ड्स', वर्ष २०२१. सिड नावाचा लेखक. त्याचे लेखन अडले आहे, मुदत डोक्यावर आहे. आणि बालपणीचे घर विकले जाण्यापूर्वी तेथे एकदा शेवटचे जमायचे आमंत्रण आले आहे. पाइनव्ह्यू गेले, येथे किनाऱ्याजवळचा, स्कूटरवरून हिंडण्याजोगा मोकळा मुलूख आहे. सिड जी अद्भुत कथा लिहू पाहतो तीही मधून मधून आपल्याला खेळायला मिळते. चालण्याफिरण्यात अडखळ आहे, कोडी नावापुरती आहेत, सराईत खेळणारे त्याला कच्चा म्हणतील आणि ते खोटे ठरणार नाहीत. तरीही या दोहोंपैकी मी पुन्हा खेळेन तर हाच. विषय त्याला सापडला आहे. रेनस्वेप्टमध्ये कौशल्य अधिक. येथे सत्य अधिक.

कारण घर विकणे म्हणजे काय, हे मी दर आठवड्याला पाहतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि त्याच्या कितीतरी आधीपासूनच पेडण्याच्या भाटांना आणि घरांना दूरदूरचे गिऱ्हाईक येऊ लागले होते. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून आमच्याकडे लागू झाली. वारशापुरती तिची जागा आता २०१२ च्या कायद्याने घेतली आहे. इन्व्हेंटरी मात्र इन्व्हेंटरीच राहिली. मिळकतीची यादी होते, वाटे पडतात, जमले नाही तर वारसांतच बोली लागते. एक भाऊ मुंबईत, एक बहीण म्हापशाला, एक पुतण्या आखातात. सर्वांत अधिक बोली करणारा घर घेतो आणि बहुधा तेच विकतो. यादीत देवखोलीतली चांदीची समई वजनाने येते, प्रभावळ वजनाने येते. देवांचे काय, हा प्रश्न नमुन्यात छापलेला नसतो. तो विचारला जातो कोर्टाच्या जिन्यावर, हळू आवाजात, आणि बहुतेक वेळा घरातली सर्वांत वडील बाई तो विचारते.

सिडच्या घराची ही चिंता असायचे कारण नाही. प्रश्न त्या खेळाचा नव्हे, आमच्याकडच्या घराचा आहे. पण खेळता खेळता मला सारखे वाटत राहिले की येथे एक कोडे तयार होऊन पडले आहे आणि ते कोणी उचललेले नाही. आमच्या मूळघरात चवथीला सारे भाऊबंद जमतात. गणपतीवर माटोळी बांधायची असते. तिला नारळाची पेंड हवी, सुपारीचा घड हवा, तोरंजन हवे, कांगलां, करमलां, कवंडाळ हवे. यांतले अर्धेअधिक बाजारातून आणता येते. खरी माटोळी मात्र रानातून आणायची, आणि कोणते फळ कोणत्या कड्याखाली, कोणाच्या कुळागराच्या मागे, कोणत्या ओढ्यापलीकडे मिळते हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्यालाच ठाऊक असते. घर विकायचे ठरलेल्या वर्षीची शेवटची चवथ. म्हाताऱ्याची स्मृती गेलेली. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. फळे शोधायची, वाट विचारायची, आणि वाट सांगणारा प्रत्येक माणूस घराविषयी काहीतरी निराळेच सांगणार. येथे एकही कुलूप घालावे लागणार नाही.

हे मी भाच्याला बोलून दाखविले. तो सध्या संगणकाचे शिकतो आहे. त्याने वहीचे पान फाडून आमच्या घराचा नकाशा काढला : राजांगण, देवखोली, मागची विहीर, तिथून डोंगरावर जाणारी पायवाट. पायवाटेवर येऊन त्याची पेन्सिल थांबली. गेल्या वर्षीपासून तेथे नव्या मालकाची तारेची कुंपणे आहेत. "मामा," तो म्हणाला, "कवंडाळ त्या कुंपणाच्या पलतडीं आसा. थंय वचपाक कोणाक विचारप?"

वाटेचा हक्क हा माझ्या धंद्यातला प्रश्न. तरी त्याचे उत्तर मी त्याला तिथल्या तिथे दिले नाही. नकाशावर ते कुंपण मात्र काढून घ्यायला सांगितले.